वडिलांनी वाचलेली पत्रे आणि आपले स्क्रीनशॉट

माझे वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होते. गावातील बरेच तरुण बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन दूर सीमेवर जात, आणि त्यांच्या बायकांना वाचता येत नसल्यामुळे आलेले आंतरदेशीय पत्र पदराखाली धरून त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात येऊन बसत. वडील आधी आम्हा मुलांना अंगणात पिटाळत, मग पत्राची कड नखाने सावकाश सोडवत आणि हलक्या आवाजात वाचून दाखवत. उत्तरही तेच लिहून देत. कोणाच्या घरावर किती कर्ज आहे, कोणता भाऊ वाटणीसाठी अडून बसला आहे, कोणत्या सुनेला सासरी जाच आहे, हे सारे त्यांना ठाऊक होते. त्यातला एक शब्दही त्यांनी आईला सांगितला नाही. तिने एकदा विचारलेच, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पत्र तिचं आहे, माझं नव्हे."

गेल्या वर्षापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. एका जुन्या सहकाऱ्याशी व्हॉट्सॲपवर बोलताना मी लिहिले होते की मराठी शाळांचे वर्ग ओस पडण्याला आपणही जबाबदार आहोत, कारण आपणच आपली नातवंडे इंग्रजी शाळेत घातली. पुढच्याच ओळीत मी हेही लिहिले होते की माझा नातूही तिथेच जातो आणि त्याची मला रोज टोचणी लागते. दोन दिवसांनी गणेशोत्सवाच्या बैठकीत एका तरुणाने आपला फोन माझ्यासमोर धरला. "सर, तुम्ही हे लिवलासा काय?" स्क्रीनशॉटमध्ये पहिले वाक्य होते, दुसरे कापलेले होते. त्या मुलाचा मला राग आला नाही, त्याने निदान तोंडावर विचारले. सहकाऱ्याला फोन केला, तर त्याचे उत्तर होते, "मी एकट्यालाच पाठवलो होतो, सर." तो खरेच बोलत होता, आणि म्हणूनच मला अधिक वाईट वाटले. प्रत्येकाने एकट्यालाच पाठवलेले असते.

आपल्या भागात एका वाक्याचे ओझे इतर ठिकाणांपेक्षा जास्त असते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापना दिवस एका घरी राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरी काळा दिवस. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा ठिकाणी माणसे मनातले बोलतात ती विश्वासातल्या माणसाशीच. माझा एक कन्नडभाषक मित्र आहे. तीस वर्षे आम्ही या विषयावर कडाकडा भांडत आलो आहोत. त्याने माझे, मी त्याचे पुष्कळ ऐकून घेतले आणि दोघांचीही काही मते त्यातून बदलली. त्या भांडणातला कोणताही अर्धा मिनिट तोडून ग्रुपवर टाकला असता, तर आम्हा दोघांनाही आपापल्या गल्लीत तोंड दाखवणे अवघड झाले असते.

खासगीपणा म्हटले की आपल्याला सरकार आठवते, आणि ते योग्यच आहे. याच राज्यात 1988 साली फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडे यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिला, तो ज्यांच्या याचिकेवर, ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. व्हॉट्सॲपवरचे संदेशही 2016 पासून अशा कुलपात जातात की वाटेत कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. परंतु कुलूप वाटेपुरते असते. संदेश पोहोचला की किल्ली समोरच्या माणसाच्या हातात जाते, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही व्यक्तीने घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. वडिलांच्या सोप्यात तरी कोणता कायदा होता?

रेकॉर्डिंग सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. धमकी मिळणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बाईकडे दुसरा पुरावा नसतो, आणि वैवाहिक खटल्यांत जोडीदाराचे नकळत केलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून सादर करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. ते रेकॉर्डिंग न्यायाधीशापुढे जाते, तिथे दुसऱ्या बाजूलाही बोलता येते. भावकीच्या ग्रुपवर टाकलेल्या आवाजाला अशी सोय नसते. मला भीती वाटते ती भांडणाची नाही. माणसे आता एकांतातही सभेत बोलल्यासारखी बोलू लागली आहेत, याची वाटते. मीही आता संदेश पाठवण्याआधी तो दुसऱ्या कोणी वाचला तर काय होईल, असा विचार करून शब्द बदलतो, आणि बदललेला शब्द माझा नसतो.

गेल्या महिन्यात त्या मित्राकडे गेलो होतो. चहा झाल्यावर तो उठला, स्वतःचा फोन आतल्या खोलीत ठेवून आला आणि मग माझ्या फोनकडे पाहून थोडा अवघडला. मी काही न बोलता फोन त्याच्या हातात दिला. तोही आत ठेवून तो आला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "हां, आता सांग."