१९८४ चा तो 'ढब्' आवाज मशीनचा नव्हे

१९८४ च्या हिट गाण्यांची यादी देणाऱ्या एका लेखात म्हटलंय, 'या गाण्यांतला स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) दणका म्हणजे ड्रम मशीन'. हे विधान सरसकट लागू होत नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' मध्ये त्याचा ड्रमर मॅक्स वाइनबर्ग खरे ड्रम्स वाजवतोय. मोठा होऊन कापल्यासारखा थांबणारा तो आवाज गेटेड रिव्हर्बचा, म्हणजे घुमणारा नाद (रिव्हर्ब) मध्येच तोडण्याचा. ही युक्ती १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत साउंड इंजिनिअर ह्यू पॅडगम आणि ड्रमर-गायक फिल कॉलिन्स यांच्या हाती लागली. करून बघायचं असेल तर स्नेअरवर लांब रिव्हर्ब द्या, रिव्हर्बनंतर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावा, होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद, रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) एकदम कमी. गेटची साइडचेन (गेट कधी उघडायचं ते सांगणारा सिग्नल) मात्र कोऱ्या, रिव्हर्ब नसलेल्या स्नेअरवरूनच घ्या. रिव्हर्बवरूनच गेट चालवलात तर रिव्हर्बचं शेपूट विरताना गेट फडफडतो आणि माइकमध्ये शिरलेल्या हाय-हॅटच्या (झांजांच्या जोडीच्या) आवाजानेही उघडतो, सगळा चिखल.

मशीनचंच उदाहरण हवं होतं तर 'व्हेन डव्ह्ज क्राय' होतं की! प्रिन्सचं लिन एलएम-१ हे ड्रम मशीन, प्रत्येक आवाजाला ट्यूनिंगचा वेगळा नॉब. साइडस्टिकचा (ड्रमच्या कडेवर काठी मारल्याचा) सूर खाली उतरवून तो ठकठक आवाज काढलाय, आणि बेस गिटार चक्क गाळलंय. लेखाच्या यादीत हे गाणं आहे, पण बेसबद्दल अवाक्षर नाही, कमालच आहे.