हा कुठल्या पेठेतला?

काल जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, जगातला सगळ्यात भारी म्युझिक व्हिडिओ कुठला?" त्याला 'थ्रिलर' ऐकायचं होतं. मी 'मिले सुर मेरा तुम्हारा' म्हणालो. पिझ्झ्यावर शेंगदाण्याची चटणी मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, सवडीने वाचा.

15 ऑगस्ट 1988. नारायण पेठेतला वाडा, टीव्ही फक्त घरमालकांकडे. ब्लॅक अँड व्हाइट, शटरचा, वर क्रोशाचा रुमाल. लाल किल्ल्यावरचं भाषण संपलं, मोठी माणसं उठायला लागली आणि पडद्यावर भीमसेनजी आले. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठले होते, ते तसेच खाली बसले. सवाईत मागच्या बैठकीवरून त्यांना भीमसेनजी बोटभर दिसायचे, इथे भुवया दिसत होत्या! मग एकेक भाषा, एकेक प्रांत आणि मधेच चक्क डेक्कन क्वीन. "आपली गाडी, आपली गाडी" करत आम्ही भाडेकरूंची पोरं असे ओरडलो, की पुढचं कोणालाच धड ऐकू आलं नाही. सरकारी प्रचार होता का? होताच. पण त्या चौकटीत आपलं काहीतरी सापडलं, आणि वाड्यातल्या पोरांना तेवढं पुरलं. (त्याच्या संगीतात अशोक पत्कींचा हात आहे हे फार उशिरा कळलं. तेव्हाही उगाच छाती फुगली.)

व्हिडिओ मोठा कुठला, हे मी यावरूनच ठरवतो. आधी जे तोंड पडद्यावर दिसत नव्हतं, ते त्याने दाखवलं का?

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' मोठाच. 1983 चा, जवळपास 14 मिनिटांचा, जॉन लँडिससारखा सिनेमावाला दिग्दर्शक, लाल जॅकेट, ती भुतं. 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलेला तो पहिला म्युझिक व्हिडिओ. पण माझ्या लेखी खरं काम त्याच वर्षी आधी आलेल्या 'बिली जीन'ने केलं. एमटीव्ही सुरू झालं 1981 ला आणि दाखवायचं बहुतेक गोऱ्यांचंच रॉक. कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का, असं ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने 1983 मध्ये त्यांच्याच मुलाखतकाराला तोंडावर विचारलं होतं. तो दरवाजा मायकल जॅक्सनने नाचत उघडला.

'गंगनम स्टाइल'ने 2012 मध्ये यूट्यूबवर पहिल्यांदा 100 कोटी व्ह्यूजचा टप्पा गाठला. ठीक आहे. लग्नात आपणही घोडा नाचवला, विषय संपला.

दलेर मेहंदीचं मात्र तसं नाही. याची गाणी व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे चालतात, अशी टीका व्हायची. 1998 च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये त्याने मुलीच काढून टाकल्या. चार दलेर, चौघेही तोच, मागे कॉम्प्युटरचे डोंगर. पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत चार पोरांनी ते बसवलं. पगड्या म्हणजे आयांच्या ओढण्या. हिरवी पगडी पहिल्याच गिरकीत सुटली आणि पोराच्या गळ्यात आली, तरी तो एका हाताने ती धरून शेवटपर्यंत नाचला. पडदा ओढायला मी होतो. हसू आवरेना, पडदा अर्ध्यातच अडकला. मॉडेलसारखं दिसावं लागत नाही, हे त्या पोराला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

भाचा म्हणाला, "मग तुझ्या हिशोबाने एमसी स्टॅन पण मोठा?"

गप्प बसलो. ताडीवाला रोडचा रॅपर मुलगा, 2023 मध्ये बिग बॉस जिंकला. त्याची भाषा माझ्या कानाला अजून टोचते, साखळ्या तर विचारूच नका. पण पुणं दाखवायचं म्हणजे शनिवारवाडा, ढोल-ताशा आणि नऊवारी, हे आपणच ठरवून टाकलेलं. स्टेशनमागची वस्ती त्या पुण्यात कधी धरलीच नव्हती. आणि डेक्कन क्वीन सुटते ती त्याच स्टेशनातून. माझंच माप लावायचं तर हो म्हणावं लागतं. म्हणालो, जरा कुरकुरतच.

भाच्याने लगेच फोनवर 'बस्ती का हस्ती' लावलं. आई शेजारी मटार सोलत होती. चष्मा वर करून तिने नीट पाहिलं आणि विचारलं, "हा कुठल्या पेठेतला?"

"पेठेतला नाही गं आजी. स्टेशनच्या मागचा."

"बरं," ती म्हणाली, "आवाज जरा वाढव."