पंचवीस हजारांचे कार्ड

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाने ऐन दिवाळीत त्याच पडद्यावर हिरवी-जांभळी रांगोळी काढली आणि प्राण सोडला. त्याच्या जागी दुसरे आणण्यासाठी घरातल्या अर्थमंत्र्यांनी २५,००० रुपये मंजूर केले; पण ही रक्कम इतकी अडनिडी आहे, की तिच्यात नवे कार्ड घ्यावे तर मन भरत नाही आणि वापरलेले घ्यावे तर झोप लागत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने आरएक्स ६६०० या नव्या कार्डाचे सीलबंद खोके माझ्यापुढे ठेवले. आठ जीबी मेमरी, तीन वर्षांची वॉरंटी, पक्के बिल, किंमत २१,५००. मी ‘उद्या येतो’ म्हणून निघालो आणि त्याच संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहस्थांची जाहिरात दिसली : आरटीएक्स ३०७०, किंमत २३,०००. कार्डांच्या टंचाईच्या काळात ज्याची किंमत नुसती ऐकून मी दुकानाची पायरी उतरलो होतो, तेच हे कार्ड; वेगात ते ६६०० ला सहज मागे टाकते. जाहिरातीत ‘मायनिंग केलेले नाही’ (म्हणजे कार्डाला आभासी चलन कमावण्याच्या आकडेमोडीला जुंपलेले नाही) हे वाक्य तीन वेळा होते. पहिल्या वेळी माझा विश्वास बसला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धतच मोडीत काढल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने बाजारात आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे; मात्र ती विकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, कारण मला भेटते ते प्रत्येक कार्ड ‘मुलगा रविवारी तासभर खेळायचा’ याच गोत्रातले असते.

गृहस्थांनी कार्ड पंच्यात गुंडाळून आणले. मी ते आधी नाकाशी नेले, कारण खरबुजापलीकडे माझी परीक्षापद्धती गेलेली नाही. उदबत्तीचा वास आला. मग उलटे करून पाहिले, तर चिपमागच्या चार स्क्रूंपैकी एकावरच्या वॉरंटीच्या इवल्याशा स्टिकरला कुणीतरी टोकदार वस्तूने नेमके मधोमध भोक पाडलेले होते आणि उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडमधून पाझरलेल्या तेलाची एक चकचकीत रेघ बोर्डाच्या कडेला सुकली होती.

“साफ करायला उघडलं होतं,” गृहस्थ म्हणाले.

“आणि बिल?”

“ते मामेभावाच्या नावावर आहे. तो नागपूरला असतो.”

एवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. कार्डाला घाम फोडणारी फरमार्क नावाची चाचणी सुरू झाली आणि पडद्यावर एक केसाळ मेदूवडा गरगर फिरू लागला. कार्डाचे पंखे मिक्सरसारखे ओरडत असताना आम्ही तिघांनी वीस मिनिटे गांभीर्याने तो वडा पाहत पोहे खाल्ले. तापमान ८३ अंशांवर जाऊन थांबले. कार्ड पास झाले, निदान त्या दिवशी तरी. पण ज्या घरचे पोहे ओल्या खोबऱ्यासकट खाल्ले, तिथे ‘दोन हजार कमी करा’ म्हणायला जीभ रेटत नाही, हा वापरलेल्या मालाच्या खरेदीतला धोका मला कुणीच सांगितला नव्हता.

व्यवहार अखेर अडला तो माझ्याच एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो ४५० वॉटचा. ६६०० चे १३२ वॉटमध्ये भागते. ३०७० ला एकट्याला २२० वॉट लागतात आणि कंपनी ६५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. त्याचे पाच-साडेपाच हजार धरले, की हे स्वस्त कार्ड माझ्या मंजूर रकमेची वेस ओलांडून, भोक पडलेल्या स्टिकरसह आणि नागपूरच्या मामेभावासह, साडेअठ्ठावीस हजारांना पडत होते.

दुसऱ्या दिवशी मी तपकीर गल्लीतून नवे कार्ड आणले आणि बिलाच्या दोन झेरॉक्स काढल्या. ते उत्तम, थंड आणि शांत चालते. तरीही रात्री झोपण्यापूर्वी मी ती जाहिरात एकदा उघडून पाहत असे. बाराव्या दिवशी किंमत २१,००० झाली. पंधराव्या दिवशी जाहिरातच गेली. ज्याने ते नेले, त्याला पोहे मिळाले असतील का, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.