ठिपका कुठं पडायलाय?

ठिपका मला दिसत नव्हता, हे खरं. पण तो माझा आणि पिस्तुलाचा घरगुती प्रश्न होता. त्यात अण्णांनी पडायचं काही कारण नव्हतं. आणि पडायचंच होतं तर हातातल्या मेथीच्या जुड्या तरी खाली ठेवायच्या.

पुण्याच्या भाच्यानं मला रेड डॉट साइट पाठवली. मामाला काही छंद नाही, रिटायर झाल्यावर वेडा होईल, असं बहिणीनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. टिळकवाडीच्या अंगाला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये एअर पिस्तूल शिकवतात, तिथं नाव घातलं. बेळगावात अशा गोष्टीला कोणी हसत नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया पोरांना नेमबाजीला घालायच्या गोष्टी करतात. त्याचा प्रकार ५० मीटर रायफलचा, इथं १० मीटरवर छर्रे उडवायचे, पण आयांना तेवढा फरक चालतो. पिस्तूल हवेचं, छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि जोर २० ज्यूलच्या आत, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. बायकोनं हे दोनदा वाचून खात्री करून घेतली आणि मगच डबा भरून दिला.

आता हा रेड डॉट. पिस्तुलाच्या पाठीवरच्या खाचेत एक छोटी काच बसवायची. काचेच्या मागं बारीकसा लाल एलईडी असतो. त्याचा उजेड काचेवर आपटून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात येतो आणि समोरच्या टार्गेटवर लाल ठिपका तरंगतोय असं वाटतं. मागची खाच, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, आणि टार्गेट यांचा मेळ घालत बसायचं नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, बघायचं टार्गेटकडं, ठिपका ठेवायचा आणि चाप दाबायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर एवढंच छापलंय. ठिपका मुळात काचेत यायला पाहिजे, हे कुठंच छापलेलं नाही.

तो येत नाही. हात वर करावा तर काचेतून पलीकडची भिंत लख्ख दिसते, तिच्यावरची पाल दिसते, ठिपका तेवढा नाही. आमचा कोच पंचविशीतला, खानापूरकडचा पोरगा. तो म्हणतो, "अंकल, नळी वर चाललीय. नाक खाली करा." पहिल्यांदा मी माझं नाक खाली केलं. कारण आपल्याकडं पिस्तुलाला नाक असतं हे कोणी सांगत नाही. मग मनगट जरासं मोडलं की ठिपका वरच्या कडेनं डोकावतो, एवढ्यात उजवीकडं सटकतो, धरायला गेलं की खालून पसार. आणि आला तरी गोल येत नाही. माझ्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे. अशा डोळ्यांना ठिपक्याच्या जागी उभी ब्याडगी मिरची दिसते, देठासकट. उजेड कमी केला की मिरची बारीक होते, एवढाच दिलासा.

शिवाय थरथर. उघड्या माशीनं नेम धरला तर आपला हात किती हलतो ते कळत नाही आणि माणूस सुखात असतो. ठिपका सगळं चव्हाट्यावर आणतो. कोच म्हणतो, हलू दे, हलणारच, चाप हळू दाबा. शेजारच्या कार्यालयात लग्न असलं की मंगलाष्टकांच्या शेवटी माझा चाप हमखास "सावधान"ला दाबला जातो. छर्रा जिकडं जायचा तिकडं जातो. नवरा-नवरीला त्याचा काही उपद्रव झाल्याचं अजून ऐकिवात नाही.

तर अण्णा.

अण्णांची नात शेजारच्या लेनमध्ये शिकते. पाचवीतली असेल. दोन वेण्या, साधं पिस्तूल, उघडी माशी, आणि मारते ते दहापैकी नऊ नाहीतर दहा. तिला सोडून अण्णा घरी जात नाहीत. बाजार करून तिथंच येतात. त्यांना बसायला खुर्ची आहे, गादी घातलेली. फी भरणाऱ्यांना स्टूल. त्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या मांडीवर घेऊन ते बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग उठून माझ्या मागं आले.

"ओ पावणं, ठिपका कुठं पडायलाय?"

"पडत नाही, अण्णा. काचेत दिसतो."

"भिंतीवर कायबी दिसंना की."

"भिंतीवर दिसत नसतो. हे लेझर नाही."

"लेझर न्हवं?" अण्णांनी जुड्या दुसऱ्या हातात घेतल्या. "मग बॅटरी कशाला घातलासा?"

मी पिस्तूल खाली ठेवून त्यांना नीट समजावलं. उजेड पुढं जात नाही, मागं येतो, डोळ्यात. म्हणून बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही दिसत नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, बाजूला जाऊन उभे राहिले, काचेकडं वाकून बघितलं आणि म्हणाले, "खरंच की वो. कायबी दिसंना." मग समोरून बघायला निघाले तेव्हा कोच किंचाळला. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्हीत एकदम किंचाळला. अण्णा शांतपणे परत आले.

"म्हंजे ह्यो ठिपका फकस्त तुमालाच दिसतोय."

"हो."

"आता दिसायलाय?"

आता यावर काय बोलायचं? "आता नाही दिसत," मी म्हटलं.

"म्हंजे मला दिसत न्हाई, पोरीला दिसत न्हाई, सरास्नी दिसत न्हाई, आनि तुमालाबी दिसत न्हाई." त्यांनी जुड्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "पावणं, फसिवलंय तुमास्नी. पावती हाय नव्हं? परत द्या."

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण भाच्याची भेट, तिची अब्रू निघायला लागल्यावर माणूस पेटतो. मी त्यांना इतिहास ऐकवला. ही युक्ती आजची नाही, १९०० साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब नावाच्या दुर्बिणी बनवणाऱ्यानं तिचं पेटंट काढलं, पुढं ती विमानांच्या तोफांना बसली, बॅटरीवरचा रेड डॉट १९७५ ला स्वीडनमध्ये आला. अण्णा मान डोलवत होते. मला वाटलं, पटलं.

"सव्वाशे वरसं झाली म्हणा की," ते म्हणाले. "आनि अजून भिंतीवर ठिपका पाडता आला न्हाई त्यांला?"

नात हसली. हसता हसता तिनं दहा मारला.

मग अण्णांनी आपला हुकमी पत्ता काढला. त्यांचे साडू मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावात हा पत्ता प्रत्येकाकडं असतो. रेजिमेंटल सेंटर गावातच असल्यामुळं साठीच्या पुढचा बेळगावकर एकतर माजी सैनिक असतो किंवा त्याचा साडू. साडूंनी कधी काच लावली नव्हती. साडू अंधारात नेम मारायचे. साडू नेमके काय करायचे असं विचारल्यावर कळलं की बँडमध्ये होते. साडू संपल्यावर तो तुर्क आला. पॅरिसमध्ये खिशात हात घालून उभा राहिलेला युसूफ दिकेच. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक चुकलेल्या छर्ऱ्याला लोकांनी त्या माणसाचं नाव लावलं आहे. "त्यानं काय लावलंतं डोळ्याला? साधा चष्मा!" अहो, तो जॉंडार्मरीतला, म्हणजे तिकडच्या लष्करी पोलिसांतला निवृत्त जवान, २००८ पासून ऑलिम्पिक खेळतोय! त्याचा खिसा सगळ्यांना दिसतो, त्याची वर्षं कोणी मोजत नाही. आणि रौप्य मिळालं त्याला, सुवर्ण नाही, हेही कोणी सांगत नाही. मला त्या माणसाबद्दल आदर आहे. पण त्याचा फोटो ज्यांच्या मोबाईलमध्ये आहे अशा लोकांबद्दल नाही.

नातीनं मधेच सुनावलं, "काका, मॅचमध्ये रेड डॉट चालत नाही." बरोबर आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या अधिकृत स्पर्धेत उघडी माशीच चालते. पण मी कुठल्या मॅचला निघालो होतो? माझा हा ठिपका तीन एमओएचा. एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. १० मीटरवर तो जवळपास नऊ मिलिमीटर भरतो आणि दहाचं वर्तुळ आहे साडेअकराचं. म्हणजे ठिपका दहावर ठेवला की दहा जवळजवळ झाकलाच जातो. माझ्या वयाच्या माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे? झाकलं की झालं.

एवढ्यात अण्णा म्हणाले, "बघू तरी."

कोचनं नियमाप्रमाणं नको म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "बघू दे की अंकल, रिकामंच आहे." अण्णांनी जुड्या माझ्या स्टुलावर ठेवल्या, दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, नाक खाली, नळी भिंतीकडं, सगळं काही कोणी न सांगता. आणि ओरडले, "आयला! दिसला की! केवढा वाटोळा हाय!"

वाटोळा. माझ्या वाट्याला मिरची.

कोचनं छर्रा भरून दिला. अण्णांनी मारला. आठ. मग ते गंभीर झाले. "डावीकडं मारतंय ओ हे," असं म्हणत त्यांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि मी "अहो अहो" म्हणेपर्यंत साइटच्या बाजूचा स्क्रू टकटकटक फिरवला. तो स्क्रू म्हणजे माझा झिरो, ठिपका जिथं तिथंच छर्रा लागावा म्हणून केलेली जुळणी. छर्रे मारायचे, कुठं लागले बघायचं, एक टक फिरवायचा, पुन्हा मारायचे. १० मीटरवर एक टक म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर सरकतं. अख्खी संध्याकाळ घालून आणि डबाभर छर्रे संपवून तो कसाबसा लागला होता. छर्रे माझ्या पैशाचे. अण्णांनी तो कढीपत्ता निवडावा इतक्या सहज मोडला आणि पुढच्या छर्ऱ्याला दहा मारला. त्यांच्या डोळ्याला, त्यांच्या पकडीला तो लागला. आता मी मारलं की छर्रा भिंतीवरच्या पालीच्या बाजूला जातो.

"अंकल, पुन्हा झिरो करू, त्यात काय," कोच म्हणाला. त्यात काय म्हणजे छर्ऱ्यांचा आणखी एक डबा. तो कोण देणार, हे कोणी बोललं नाही. अण्णांनी जुड्या उचलल्या, नातीचा हात धरला आणि जाताना मला सांगून गेले, "वस्तू चांगली हाय. परत देऊ नगासा."

दारात मोठा फलक आहे. पादत्राणे बाहेर काढावीत, असं त्यावर कन्नड, इंग्रजी आणि खाली बारीक अक्षरात मराठी अशा तिन्ही भाषांत लिहिलंय. दुसऱ्याच्या पिस्तुलाला हात लावू नये, असं एकाही भाषेत लिहिलेलं नाही. मी कोचला म्हटलं, एवढी एक ओळ घाल बाबा तिथं. तो जरा विचारात पडला.

"घालतो की अंकल. पण पैली कुठली घालू? मागच्या खेपेला चपलांवरनं केवढा राडा झालाता."