दावा मोघम आहे म्हणून कैफियत चुकवू नका

उसन्या पैशाच्या दाव्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘पैसे कधी, कसे दिले हे दाव्यात नसेल, पुरावा जोडला नसेल, तर आदेश 7 नियम 11 चा अर्ज टाका. दावा पहिल्याच तारखेला फेटाळला जातो, कैफियत लागत नाही, वादीला पुन्हा दावाही लावता येत नाही.’ यावर विसंबून लोक घरी बसतात, म्हणून हे लिहितोय. (हे आदेश-नियम दिवाणी प्रक्रिया संहितेतले. वादपत्र म्हणजे वादीचा लेखी दावा, कैफियत म्हणजे त्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, आणि आदेश 7 नियम 11 म्हणजे वादपत्र सुरुवातीलाच नाकारण्याची तरतूद.)

‘पुरावा जोडला नसेल’: वादपत्रात हकीकत मांडायची असते, पुरावा नंतर येतो. आदेश 6 नियम 2 हेच सांगतो.

‘कधी, कसे नसेल’: खरी गफलत इथंच आहे. ‘प्रतिवादीने दोन लाख हातउसने घेतले, मागूनही दिले नाहीत’ एवढंच लिहिलेला दावा कच्चा असेल, पण त्यात दाव्यास कारण, म्हणजे दावा लावण्यापुरती हकीकत, आहे. तिथं तपशील मागता येतो, आणि वादीलाही दुरुस्ती करता येते. नियम 11 च्या अर्जावर न्यायाधीश फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद पाहतात. ‘मी पैसे घेतलेच नाहीत’ हे शंभर टक्के खरं असलं, तरी त्या टप्प्यावर निरुपयोगी. अर्ज चालतो तो वेगळ्या ठिकाणी. समजा वादपत्रातच लिहिलंय की मागताक्षणी परत करायच्या बोलीवर 2014 मध्ये पैसे दिले, दावा 2019 चा, आणि मधे लेखी कबुली नाही की थोडीफार परतफेड नाही. दावा लावायची तीन वर्षांची मुदत उलटल्याचं वादपत्रातूनच दिसतं, तिथं अर्ज चालतो. विनापरवाना सावकाराला हुकूमनामा (वसुलीचा न्यायालयीन निकाल) मिळत नाही हेही खरं, पण वादी सावकारीच करतो हे बहुधा पुराव्यानं दाखवावं लागतं. एकदा उसने दिले म्हणून कुणी सावकार ठरत नाही. हा मुद्दा कैफियतीतच घ्या.

‘कैफियत लागत नाही’: हा सल्ला सर्वांत घातक. सर्वोच्च न्यायालयानं सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात असा अर्ज आधी निकाली काढा असं म्हटलंय खरं, पण नुसता अर्ज टाकल्यानं कैफियतीची 30 दिवसांची मुदत आपोआप थांबते असं संहितेत कुठंही नाही. संहितेप्रमाणे ती 90 दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. स्पष्ट न नाकारलेली गोष्ट मान्य धरली जाऊ शकते.

‘पुन्हा दावा नाही’: नियम 13 वाचा. वादपत्र नाकारलं तरी मुदतीत असेल तर त्याच कारणासाठी नवा दावा लावता येतो, शिवाय अपीलही आहेच.

आणि समन्सवर आदेश 37 (झटपट चालणारा संक्षिप्त दावा) लिहिलंय का, ते आजच पाहा. तसं असेल तर 30 नव्हे, 10 दिवसांत हजर व्हायचंय.