डिव्रीसना किती वर्षं देणार आहात?

आज, १८ मार्च २०२५ ला, इंडियाना युनिव्हर्सिटीने बास्केटबॉलचे नवे कोच म्हणून डॅरियन डिव्रीस यांचं नाव जाहीर केलं. बातमी येते न येते तोच आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "ठीक आहे, तीन वर्षं देऊ. नाही जमलं तर हाही घरी." खाली धडाधड अंगठे. त्या माणसाने ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे आमच्या या युनिव्हर्सिटीच्या गावात, अजून बॅगसुद्धा उतरवलेली नाही आणि आपण त्याच्या जाण्याचा मुहूर्त काढून मोकळे! ग्रुपवर मी गप्प बसले, कारण तिथे लिहायला लागले असते तर उद्या एकमेकांच्या घरी जेवायला जाणं अवघड झालं असतं. म्हणून इथे लिहिते आहे. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

पुण्या-साताऱ्याच्या मैत्रिणींसाठी थोडं. इथला कॉलेजचा कोच म्हणजे आपल्या जिमखान्याचे सर नव्हेत. बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्य विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो, गव्हर्नर त्याच्या जवळपासही नसतो. आमचे मावळते कोच माइक वुडसन वर्षाला ४० लाख डॉलरांच्या वर घेत होते. सामने होतात तो असेंब्ली हॉल १७ हजार माणसांचा. तिथे राष्ट्रीय विजेतेपदाचे पाच बॅनर लटकतात: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. आत शिरलं की आधी मान वर जाते, मग मैदान दिसतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो असं माझं मत आहे.

आता त्या १४ जानेवारीच्या रात्रीबद्दल लिहिते, कारण ती डोक्यातून जात नाही. इलिनॉयविरुद्ध घरचा सामना. आम्ही ९४-६९ हरलो. घरच्या मैदानावर २५ गुणांनी! खेळ वाईटच झाला, कोण नाही म्हणतंय. पण सामना संपायच्या कितीतरी आधी ओरडा सुरू झाला, "फायर वुडसन, फायर वुडसन". आमच्याच लोकांचा. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा उभे राहून, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती पँट घालून, हाताचा भोंगा करून ओरडत होते.

हे आजोबा सीझन तिकिटामुळे आमचे कायमचे शेजारी. बास्केटबॉल मला कळतो तो त्यांच्यामुळे. आणि २०२१ च्या मार्चमध्ये वुडसन यांची नेमणूक झाली तेव्हा संध्याकाळी मला फोन करून "वुडी घरी आला" म्हणाले होते तेही हेच. आवाज भरून आला होता त्यांचा. वुडसन १९७६ ते १९८० इथे तेव्हाचे कोच बॉबी नाइट यांच्या हाताखाली खेळले. त्याच सुमाराला आजोबाही इथे शिकत होते. वुडसन शेवटच्या वर्षी पाठीचं ऑपरेशन करून परतले आणि संघाला बिग टेनचं, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या लीगचं, विजेतेपद मिळवून दिलं, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी पण तेव्हा तिथे होते असं वाटतं. तोच माणूस त्याच वुडीला भर हॉलमध्ये "हाकला" म्हणून ओरडत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

इथे कोच येतो तो खेळ शिकवायला नाही, १९७६ साल परत आणायला. नाइट यांचा तो संघ ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. त्यानंतर आजपर्यंत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कुणालाही ते जमलेलं नाही. इंडियानालाच नाही असं नव्हे, ड्यूकला नाही, केंटकीला नाही, कुण्णाला नाही. आणि आम्ही प्रत्येक नव्या माणसाला त्या मापाने मोजतो.

आम्ही २००१ मध्ये आलो तेव्हा नाइट यांना काढून वर्ष होत आलं होतं आणि गावात अजून सुतक होतं. त्यांना काढलं ते योग्यच होतं, खेळाडूच्या गळ्याला हात घालणाऱ्या माणसाला काढायलाच हवं. पण त्यांच्या जागी आलेल्या माइक डेव्हिस यांचा काय गुन्हा? माझ्या पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी, २००२ मध्ये, त्यांनी ड्यूकला एका गुणाने हरवलं आणि संघ थेट फायनलला नेला. कर्कवूड रस्त्यावर माणूस मावत नव्हता. तरी आजोबा काय म्हणाले? "ती पोरं नाइटची होती." म्हणजे जिंकलं तर श्रेय नाइटचं, हरलं तर डेव्हिसचं. चार वर्षांत गेला बिचारा.

मग केल्विन सॅम्पसन. नवे खेळाडू मिळवताना करायच्या फोन कॉलचे नियम मोडले, गेले. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण जाताना संघाची राखरांगोळी झाली होती आणि ती २००८ मध्ये टॉम क्रीन यांच्या पदरात पडली. पहिल्या वर्षी ६ विजय आणि २५ पराभव! त्या थंडीत रिकाम्या खुर्च्यांत आम्ही बसायचो. तो माणूस एकेक वीट रचत गेला. २०११ च्या डिसेंबरमध्ये केंटकी पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या क्षणी आमच्या वॉटफर्डने तो बास्केट मारला आणि अख्खा हॉल मैदानात उतरला. आजोबांनी मला मिठी मारली होती तेव्हा, आणि मी साताऱ्याची, परक्या पुरुषाने मिठी मारली की अंग चोरणारी, मीही रडत होते. क्रीननी बिग टेन २०१३ मध्ये जिंकली, २०१६ मध्ये पुन्हा जिंकली. आणि २०१७ मध्ये त्यांना काढलं. विजेतेपदानंतर एका वर्षात! मला तो दिवस आठवला की आजही राग येतो. त्यानंतर आजपर्यंत बिग टेन पुन्हा जिंकली का आपण? नाही जिंकली.

आर्ची मिलर आले, चार वर्षं राहिले, गेले. त्यांचा करार मोडायला १ कोटी डॉलरांच्या वर पैसे लागले आणि ते खासगी देणगीदारांनी भरले असं सांगण्यात आलं. कोविडचं वर्ष होतं. एका माणसाने काम करू नये म्हणून १ कोटी! मला कुणीतरी समजावून सांगा की एवढ्या पैशात मुलांच्या किती फिया भरल्या गेल्या असत्या. "पैसे सरकारचे नव्हते" हे मला सांगू नका. ज्याच्या खिशातून १ कोटी येतात तोच उद्याचा कोच ठरवणार आणि परवा हाकलणार, आणि आपण वर बसून ओरडतोय म्हणजे आपला आवाज पोचला असं समजणार.

वुडसन यांनी पहिल्या दोन वर्षांत संघ एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, नेला. दुसऱ्या वर्षी पर्ड्यूला, राज्यातल्याच आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, दोनदा हरवलं. नंतरची दोन वर्षं फसली, मान्य. त्या पगाराला हे शोभत नाही, तेही मान्य. ७ फेब्रुवारीला युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की सीझन संपला की ते पायउतार होणार. ठीक. सभ्यपणे झालं. आणि मग २३ फेब्रुवारीचा रविवार आला, पर्ड्यू आमच्याकडे आली आणि आम्ही ७३-५८ जिंकलो. आजोबा उभे! टाळ्या! "वुडी, वुडी!" डोळ्यांत पाणी. मला इतका संताप आला की मी सामना संपल्यावर त्यांच्याशी बोलले नाही. जानेवारीत ज्याला हाकलायला उभे राहिलात त्याच्यासाठी फेब्रुवारीत रडता? तो जातोय हे नक्की झाल्यावर?

पर्ड्यूचंच बघा ना. दोनेक तासांवरचं गाव, आपली कितीतरी मराठी मुलं तिथे एमएस करतात, त्यांना विचारा. मॅट पेंटर २००५ पासून तिथे कोच आहेत. पहिल्या वर्षी ९ विजय, १९ पराभव. २०२१ मध्ये एनसीएए स्पर्धेत १३ व्या मानांकनाच्या (१६ वं म्हणजे सगळ्यात तळाचं) नॉर्थ टेक्सासकडून हरले. २०२२ मध्ये १५ व्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून. आणि २०२३ मध्ये स्वतः अव्वल असताना १६ व्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून, पहिल्याच फेरीत. अशी लागोपाठ तीन वर्षं नाचक्की ब्लूमिंग्टनमध्ये झाली असती तर त्या माणसाचं घर विकायला निघालं असतं. पर्ड्यूने काढलं नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, संघ फायनलला. हरले कनेक्टिकटकडून, पण पोचले तर. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेट यांचंही तेच. २०१८ मध्ये १६ व्या मानांकनाकडून हरणारा पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासातला पहिला अव्वल संघ त्यांचा, आणि २०१९ चे विजेतेही तेच.

ज्यांचं नाव आज देवासारखं घेतात त्यांचं काय झालं होतं? नॉर्थ कॅरोलायनात १९६५ मध्ये विद्यार्थ्यांनी कोच डीन स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकवला होता. ड्यूकच्या शेशेफ्स्कींनी पहिल्या तीन वर्षांत जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले, लोक हाकला म्हणत होते, टॉम बटर्स नावाचा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळ विभागाचा प्रमुख, ठाम राहिला. पुढे पाच विजेतेपदं! आणि जॉन वुडन, आपल्याच इंडियानाच्या मार्टिन्सव्हिलचे, इथून अर्ध्या तासावर गाव त्यांचं. १९४८ ला यूसीएलएला कोच म्हणून गेले आणि पहिलं विजेतेपद आलं १९६४ ला. सोळाव्या सीझनला. ते धरून बारा वर्षांत दहा. आमच्या ग्रुपच्या हिशेबाने वुडन १९५१ मध्येच घरी गेले असते.

आता कुणीतरी सिग्नेटींचं नाव काढणारच. हो, आमच्याच फुटबॉल संघाला त्यांनी २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकून दिले. झालं तसं, नाकारत नाही. पण ते पाहून सगळ्यांची भूक अशी खवळली आहे की बास्केटबॉलचा कोचही नोव्हेंबरात आला की मार्चमध्ये करंडक घेऊन उभा पाहिजे. आणि हो, कोचही काही संत नसतात. डिव्रीस वेस्ट व्हर्जिनियात एक वर्ष राहिले आणि इकडे निघाले. तिथल्या संघाला परवाच एनसीएएने स्पर्धेत घेतलं नाही, ती पोरं अजून त्या दुःखात असतील. कॅलिपारी केंटकी सोडून अर्कान्सासला गेले. निष्ठा एका बाजूनेच हवी असं माझं म्हणणं नाही. पण पाच-सात वर्षांचा करार करून चौथ्या वर्षी हाकलायचं ही सवय आपण लावली, मग त्यांनी सामान बांधून तयार का राहू नये?

आणि यात मुलांचा विचार कुणी करतं का? अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. कोचच्या शब्दावर घर सोडून येतात. कोच गेला की ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, नाव, नवं गाव, नवी खोली, नवे मित्र. चार वर्षांत तीन कॉलेजं. हल्ली पैसे मिळतात त्यांना, मिळायलाच हवेत, पण १४ जानेवारीच्या त्या आरोळ्या त्यांच्याही कानावर पडत होत्या. खेळत होती ती. तुमच्या मुलाच्या दहावीच्या परीक्षेत बाहेर उभं राहून कुणी "याच्या सरांना काढा" ओरडलं तर चालेल?

राग थोडा ओसरला आहे, म्हणून हेही लिहिते. पर्ड्यूच्या सामन्यानंतर आठवडाभराने आजोबांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, शेवटचा बॅनर लागला तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आता तिची मुलगी कॉलेजात जाईल. पुढे काही बोलले नाहीत. १९८७ पासून हा माणूस वाट पाहतो आहे. दर हिवाळ्यात, बर्फात, गुडघे दुखत असताना त्या पायऱ्या चढतो. २०२० मध्ये वीस वर्षांनी नाइट हॉलमध्ये परत आले त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले होते. वुडीवर त्यांचं प्रेम नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. त्यांना एकदा, मरायच्या आधी एकदा, सहावा बॅनर वर जाताना पाहायचा आहे. मलाही पाहायचा आहे. त्यांच्या शेजारी उभं राहून.

पण त्यासाठीच सांगते, ओरडून तो येणार नाही. नाइट गेल्यापासून हे सहावे कोच, मधले तात्पुरते धरलेच नाहीत. पाच जणांना हाकलून, घालवून बघितलं, बॅनर आला नाही. आता एकदा थांबून बघा. डिव्रीसना पाच वर्षं पूर्ण द्या. पहिलं वर्ष तर मोजूच नका, अर्धी पोरं निघून जातील, नवी जमवायची आहेत. दुसऱ्या वर्षी स्पर्धेत नाही गेलो तर गप्प बसा. तिसऱ्या वर्षी पर्ड्यूकडून हरलो तर घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडा, मी पण ओरडेन. एखाद्याने पैसे खाल्ले, नियम मोडले, मुलांना मारलं, तर त्याच दिवशी काढा, एक दिवस थांबू नका. हरला म्हणून नको.

आमची दोन्ही सीझन तिकिटं पुढच्या वर्षी आहेतच. माझ्या नवऱ्याला तशीही फार आवड नाही, तो खुशाल जागा सोडेल. तेव्हा ग्रुपवर "तीन वर्षं देऊ" लिहिणाऱ्या माझ्या मित्रा, तू वाचतो आहेस हे मला माहीत आहे. नोव्हेंबरात ये, मी आणि आजोबा मधली खुर्ची तुला देऊ. पॉपकॉर्न माझ्याकडून. संघ हरत असेल तर शिट्ट्या मार, रेफरीला शिव्या दे, काय वाटेल ते कर. फक्त तो "फायर"चा घोष सुरू झाला तर तू बसून राहायचंस, आणि आजोबा उठायला लागले तर त्यांचा डावा हात तू धर, उजवा मी धरते.