वाकून बघणाऱ्यांना मोठी गाडी मिळत नाही

“एवढी गाडी घेणारी माणसे अशी खाली वाकून बघत नाहीत, सर,” हे वाक्य काल एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने अत्यंत सौम्य स्वरात, जणू माझ्याच भल्यासाठी ऐकवले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी २०१५ सालची मर्सिडीज एस ३५० डिझेल. नवी असताना कोटीच्या पुढची आणि आता एखाद्या बऱ्या नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळणारी. मी वाकून बघायचे नाही, तर करायचे तरी काय? मागच्या सीटवर बसून मसाज चालू करायचा, दार आपोआप अलगद मिटते याचे कौतुक करायचे आणि चेक फाडायचा?

मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे फोनवर बजावून सांगितले होते. थंड इंजिन सुरू होते त्या पहिल्या काही क्षणांतच इंजिनातल्या चेनची खडखड, इंजेक्टरची कुरबुर आणि धुराचा रंग कळतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार, आणि म्हणूनच मी पोहोचलो तेव्हा बॉनेटला हात लावता येत नव्हता. “तुम्हाला उकडू नये म्हणून एसी लावून ठेवला होता,” असा प्रेमळ खुलासा झाला. मग मी गाडी वर उचलून खालून बघायच्या लिफ्टचा विषय काढला. या व्ही-सहा डिझेल इंजिनात ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत बसवलेला असतो, आणि त्याची सील वयाने कडक झाली की तेल मागच्या बाजूने गिअरबॉक्सच्या दिशेने उतरते. सील स्वस्त असते, पण तिथवर हात पोहोचायला टर्बोसकट वरचा बराचसा पसारा उतरवावा लागतो आणि मजुरीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. हे वरून दिसत नाही, म्हणून मी टॉर्च घेऊन वाकलो, तेव्हा ते वाक्य आले.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र बाहेर काढले, तर “मशीनने पेंट खराब होतो” असे सांगण्यात आले. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. सगळ्या गाडीवर तेवढीच भरली आणि मागच्या डाव्या दारावर मात्र ३८० आली, म्हणजे ते दार नंतर रंगवलेले. “जर्मन गाड्यांचा रंग जाडच असतो,” असे उत्तर मिळाले. एकाच दाराचा?

या वादात इंजिन बंद होऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, तेवढ्यात गाडीचा पुढचा डावा कोपरा हळूहळू खाली बसू लागला. एअर सस्पेन्शनचा बेलो, म्हणजे गाडी हवेवर तोलणारी रबरी पिशवी, कुठेतरी फुसफुसत होता आणि माणसांनी वाकू नये म्हणणाऱ्या त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत त्यांची गाडीच वाकत होती. “स्टार्ट केली की उठते, सर.” उठणारच, कॉम्प्रेसर गळती भरून काढण्यासाठी राबत राहतो आणि एक दिवस तोही जळतो. बिघाडांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला, तर फॉल्ट कोड एकही नव्हता, फक्त कोड पुसल्यापासून गाडी नऊ किलोमीटर चालली होती.

मीटरवर ५८ हजार किलोमीटर होते. अशा गाडीत ड्रायव्हरची सीट बघून फारसे काही कळत नाही, मालक मागे डावीकडे बसतो. तिथला गादीचा भाग बसलेला होता आणि ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते; ५८ हजारांत एवढी झीज होत नाही. चारही टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. कोटीच्या गाडीला असे टायर घालणाऱ्या माणसाने तेल वेळेवर बदलले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही.

विषय निघालाच आहे, तर त्या दुसऱ्या महाभागाचेही सांगतो, ज्याच्याकडच्या गाडीचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढला तेव्हा टोकाला गाळाची रेघ, म्हणजे गाडी पुरात बुडाल्याची खूण, दिसली आणि त्याने ते “एसीचे पाणी” ठरवले. प्रत्येक डॅशबोर्डवर ठेवलेल्या त्या डोके उठवणाऱ्या मोगऱ्याच्या परफ्यूमचा अर्थही मला आता कळतो. आणि एवढ्या पैशांत नवी फॉर्च्युनर येते, असे न विचारता सांगणाऱ्या मित्रांबद्दल मी काही बोलत नाही, कारण त्यांच्या घरी मला अजून जेवायला जायचे असते.

खरे सांगायचे तर, बावन्नाव्या वर्षी काखेत चटई, खिशात लोहचुंबक आणि हातात टॉर्च घेऊन परक्याच्या अंगणात आडवा होणारा गृहस्थ पाहून कोणालाही हसू येईल. त्यात ही गाडी ५,२४६ मिलिमीटर लांब आहे आणि सोसायटीने मला दिलेली जागा जेमतेम पाच मीटरची आहे, ही गोष्ट आमच्या घरी सुरुवातीलाच निदर्शनास आणून देण्यात आली होती. उरलेले पाव मीटर कुठे ठेवायचे, याचा विचार मी अजून करतो आहे.

गाडी अर्थातच दिल्लीची होती. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची तिथली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर वयात येऊ घातलेली प्रत्येक मोठी डिझेल गाडी एनओसी, म्हणजे दुसऱ्या राज्यात नोंदणीसाठीचे ना हरकत प्रमाणपत्र, घेऊन दक्षिणेकडे निघू लागली. चाकणला जुळणी झालेली मुलगी दिल्लीला सासरी राहून दहा वर्षांनी माहेरी परत पाठवली जावी, तसा हा प्रकार आहे, आणि इथला रस्ता कर व नोंदणीचा खर्च सोसायचा माहेरच्यांनी. “ते आमचा एजंट बघेल,” म्हणे. फक्त आधी पन्नास हजारांचे टोकन द्या, ते परत मिळणार नाही, आणि मग हवी तर लिफ्टवर चढवा.

निघताना मी विम्याची जुनी पॉलिसी मागितली. पहिलाच मालक, एकही क्लेम नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले होते. पाच वर्षे क्लेम न करणाऱ्याला पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सवलत, मिळतो आणि या कागदावर तो शून्य होता. त्यांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि म्हणाले, “मालक मोठ्या मनाचे होते सर, ते असल्या सवलती मागत नाहीत.”